३१, कॉर्नेलिया स्ट्रीट

न्यूयॉर्क शहराच्या वारसा-वास्तू आयोगाने १८ जून २०१९ रोजी सहा इमारतींना संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. स्टोनवॉलच्या दंगलीला त्याच महिन्यात पन्नास वर्षं होत होती आणि या सहाही इमारती शहरातल्या समलैंगिकांच्या इतिहासाशी निगडित होत्या. त्यांत लेखक जेम्स बाल्डविनचं घर होतं, कवयित्री ऑड्री लॉर्डचं घर होतं, चळवळीचं ठाणं झालेलं एक जुनं अग्निशमन केंद्र होतं. सहावा पत्ता ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका आखूड गल्लीतला होता. ३१, कॉर्नेलिया स्ट्रीट. एकोणिसाव्या शतकातली विटांची इमारत, वर भाडेकरू, खाली दुकानाचा गाळा. इतिहास घडला तो या गाळ्यात, आणि तोही जेमतेम सव्वानऊ वर्षं. डिसेंबर १९५८ ते मार्च १९६८ या काळात तिथे कॅफे चिनो नावाचं कॉफीघर होतं. आज ‘ऑफ-ऑफ ब्रॉडवे’ म्हणून जी प्रायोगिक रंगभूमी ओळखली जाते तिची सुरुवात इथे झाली असं मानतात. अमेरिकेतल्या समलैंगिक रंगभूमीचं मूळही बहुतेक अभ्यासक याच गाळ्यात दाखवतात.

त्याचा इतिहास लिहायला बसलं की मात्र पंचाईत होते. एखाद्या नाट्यगृहाचे कागद म्हणून आपण ज्यांच्याकडे हात पुढे करतो, ते इथे मुळात तयारच झाले नाहीत. तिकीटबारी नव्हती, म्हणून तिकीटविक्रीच्या वह्या नाहीत. नटांना पगार नव्हता, प्रयोग संपल्यावर झोळी फिरायची आणि जे पडेल ते वाटून घ्यायचे, म्हणून पगारपत्रकं नाहीत. मालक संहिता वाचतच नसे, तेव्हा निवड समितीची टिपणं कुठून असणार? आणि नाट्यगृहाचा परवाना नव्हता, म्हणून सरकारदरबारी ‘नाट्यगृह’ अशी नोंदही नाही.

मग उरतं काय? ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकातल्या छोट्या जाहिराती आणि मायकेल स्मिथसारख्या समीक्षकांची परीक्षणं. जेम्स गॉसेजने काढलेली छायाचित्रं. केनी बर्जेसने हाताने केलेली भित्तिपत्रकं. मॅगी डॉमिनिक या नटीने वर्षानुवर्षं जपलेले कागद. आणि तिथे वावरलेल्यांच्या आठवणी, ज्या बहुतेक सगळ्या पुढे दहा, वीस, चाळीस वर्षांनी लिहिल्या गेल्या. राजवाड्यांनी बखरी आणि अस्सल कागद यांत जो भेद करायला शिकवलं तो इथे तंतोतंत लागू पडतो. चिनोच्या आठवणी म्हणजे बखरी आहेत: रसाळ, उत्साही, आणि तारखांच्या बाबतीत बेभरवशाच्या. पहिलं नाटक कोणतं झालं, एवढ्यावरही त्यांचं एकमत होत नाही. त्यामुळे जिथे जाहिरात किंवा परीक्षण आहे तिथे तारीख पक्की धरायची, आणि जिथे फक्त आठवण आहे तिथे ‘असं सांगतात’ म्हणून पुढे जायचं, हा नियम मी या लेखापुरता केला आहे.

कॅफेचा मालक जो चिनो १९३१ साली बफेलो शहरात जन्मला. सिसिलीहून आलेल्या कष्टकरी कुटुंबातला मुलगा. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला तो नर्तक व्हायला. नाच शिकला, पण अंग सुटत गेलं आणि तो रस्ता बंद झाला. मग लॉन्ड्रीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत कारकुनी. चारेकशे डॉलर साठले तेव्हा त्याने गाळा शोधायला घेतला. ही हकीगत त्याने स्वतः १९६५ साली ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये सांगितली आहे, म्हणजे घटनेनंतर सातच वर्षांनी. त्यामुळे बाकीच्या आठवणींपेक्षा तिचं वजन जास्त. गाळ्याची घरमालकीण वरच्या मजल्याच्या खिडकीतून वाकून बोलली आणि तिथूनच तिने किल्ल्या खाली टाकल्या. नाव विचारलं. मुलगा सिसिलीचा आहे एवढं कळल्यावर तिला पुरलं. लेखी भाडेकरार झाला नाही. त्या वस्तीत गाववाला असणं हीच जामीनकी होती. आमच्या दृष्टीने त्यामुळे आणखी एक कागद कमी झाला.

नाट्यगृह काढायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला हवी होती एक ऊबदार, धंदेवाईक नसलेली जागा. भिंतीवर मित्रांची चित्रं लावावीत, कुणी कविता वाचाव्यात, लोकांनी कॉफी घेऊन बसावं. कवितावाचनातून नाट्यवाचन आलं आणि वाचणारे हळूहळू उभे राहू लागले. सुरुवातीची नाटकं दुसऱ्यांची होती: ऑस्कर वाइल्ड, टेनेसी विल्यम्स, नोएल कॉवर्ड, जाँ जने. ही नावं एका ओळीत ठेवली की मालकाची आणि गिऱ्हाइकांची आवड वेगळी सांगावी लागत नाही. १९६० मध्ये जेम्स हॉवर्डचं ‘फ्लायस्प्रे’ झालं. चिनोत झालेलं पहिलं नवंकोरं नाटक म्हणून त्याचं नाव घेतात. १९६१ मध्ये डॉरिक विल्सनची चार नाटकं पाठोपाठ आली. त्यातलं ‘नाउ शी डान्सेस!’ हे वाइल्डवरच्या खटल्याला सलोमेच्या कथेत गुंफणारं होतं.

गाळा साधारण अठरा फूट रुंद आणि तीस फूट खोल. मागच्या बाजूला कॉफीचं यंत्र, कठडा, मोरी. रंगमंच म्हणजे दुधाच्या क्रेट्सवर फळ्या टाकून केलेला आठ बाय आठ फुटांचा चौथरा, तोही नाटकागणिक जागा बदलणारा. गॉसेजची छायाचित्रं बघितली की भिंतीचा रंग कुठला होता हे सांगता येत नाही, कारण भिंत दिसतच नाही: चित्रं, नटनट्यांचे फोटो, ऑपेराची पोस्टरं, चांद्या, घंटा, नाताळच्या दिव्यांच्या माळा. प्रयोग रात्री नऊ आणि अकराला, शनिवार-रविवारच्या गर्दीत कधी पहाटे एकलाही. प्रयोगाआधी चिनो घंटा वाजवून जादूची वेळ झाल्याची घोषणा करायचा. प्रेक्षक एकही नसला तरी प्रयोग रद्द करायचा नाही, या खोलीसाठी करा, असं तो सांगे. हे इतक्या जणांनी स्वतंत्रपणे लिहिलं आहे की बखर असूनही विश्वास ठेवावा लागतो. नाटक घेऊन येणाऱ्याला तो संहितेऐवजी रास विचारायचा, हेही तसंच. छबिलदासच्या सभागृहात ज्यांनी नाटकं पाहिली आहेत त्यांना या जागेची कल्पना यायला अडचण पडू नये. फक्त छबिलदास याच्यापुढे प्रशस्त म्हणावं लागेल.

आता कायद्याकडे वळू, कारण हे कॉफीघर कशामुळे शक्य झालं याचा उलगडा तिथे होतो.

९ फेब्रुवारी १९२७ च्या रात्री न्यूयॉर्क पोलिसांनी ब्रॉडवेवरच्या तीन नाटकांवर छापे घातले. त्यात दोन स्त्रियांमधल्या आकर्षणावरचं ‘द कॅप्टिव्ह’ होतं आणि मे वेस्टचं ‘सेक्स’ होतं. मे वेस्ट तुरुंगात जाऊन आली. तिचं समलैंगिक पुरुषांवरचं ‘द ड्रॅग’ कनेटिकट आणि न्यू जर्सीत झालं, पण ब्रॉडवेवर पोचलं नाही. त्याच वर्षी राज्याने कायदा केला. ‘लैंगिक विकृती’ हा विषय रंगमंचावर आणायला बंदी, आणि गुन्हा शाबीत झाला तर नाट्यगृहाला वर्षभरापर्यंत टाळं. म्हणून त्याचं नावच टाळ्याचा कायदा पडलं. आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी पाठवावी लागते. न्यूयॉर्कमध्ये आधी कुणी काही वाचत नसे. शिक्षेचा धाक नाट्यगृहाच्या मालकाला होता, आणि तो नाटककारापेक्षा कितीतरी घाबरट असतो. हा कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता.

दुसरा फास दारूच्या परवान्याचा. समलैंगिक गिऱ्हाइकं जमणारी जागा म्हणजे ‘गैरशिस्त’ जागा, अशी राज्याच्या मद्य प्राधिकरणाची रीत होती. परवाना जाईल या भीतीने गुत्तेवाले एकतर या गिऱ्हाइकांना हाकलत किंवा पोलिसांना आणि गुंडांना हप्ते देत. २१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशीन सोसायटी या समलैंगिकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते वार्ताहरांना घेऊन बारमध्ये शिरले, आम्ही समलैंगिक आहोत असं सांगून त्यांनी पेय मागितलं. ज्या ज्युलियस बारने त्यांना नकार दिला आणि त्यामुळे जो गाजला, तो कॉर्नेलिया स्ट्रीटपासून चालत काही मिनिटांवर.

चिनोत दारू नव्हती. तेव्हा मद्य प्राधिकरणाला तिथे काम नव्हतं. चिनो नाट्यगृह नव्हतं, तेव्हा टाळ्याचा कायदा लावायचा तर आधी ते नाट्यगृह आहे हे सिद्ध करायला हवं. उरला करमणुकीचा परवाना. तो चिनोकडे नव्हता आणि त्यापायी समन्सं येत राहिली. पोलिसांना पैसे चारल्याच्या गोष्टी आठवणींत येतात, त्या खोट्या मानायचं कारण दिसत नाही. केनी बर्जेसची भित्तिपत्रकं मुद्दाम अशी चितारलेली होती, की सरकारी निरीक्षकाला ती नुसती नक्षी वाटावी आणि माहीतगाराला त्यातून नाटकाचं नाव, लेखक, तारीख वाचता यावी. बर्जेस चित्रकार होता आणि चिनोत बशा विसळायचा. त्याची जी पत्रकं टिकून राहिली त्यांतली अक्षरं खरोखरच वेलबुट्टीत बुडालेली आहेत. एखादं नाव हाती लागायला ते कागद आडवेतिडवे धरावे लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: या जागेला वाचवण्यासाठी जे जे केलं गेलं त्यानेच तिचे कागद विरळ केले. करार नाही, तिकीट नाही, परवाना नाही, वाचता येईल असं पत्रक नाही. चिनो हा निष्काळजी, स्वप्नाळू बोहेमियन होता म्हणून हिशेब राहिले नाहीत, असं त्याच्यावर प्रेम करणारेही लिहितात. मला ते पटत नाही. कायद्याच्या फटीत राहणारा माणूस कागद कमी करतो, हे साधं शहाणपण आहे.

या फटीत काय उगवलं ते १९६४ साली दिसलं. मिझुरीहून आलेला लॅनफर्ड विल्सन अमेरिकाना हॉटेलात खोल्यांच्या आरक्षणाच्या कामावर होता. ‘द मॅडनेस ऑफ लेडी ब्राइट’ त्याने तिथल्याच टंकलेखनयंत्रावर लिहिलं. उन्हाळ्याची दुपार, एकच खोली, आणि लेझ्ली ब्राइट नावाचा वय उताराला लागलेला ड्रॅग कलावंत. भिंतीवर येऊन गेलेल्या पुरुषांच्या सह्या. फोन करायला कुणी नाही म्हणून तो प्रार्थना ऐकवणाऱ्या टेलिफोन सेवेचा नंबर फिरवतो. आणखी दोन नट त्याच्या डोक्यातले आवाज होऊन वावरतात. मे महिन्यात नाटक आलं. नील फ्लॅनगनने ते शंभराहून जास्त वेळा केलं. ज्या जागेत नाटक आठवडा-दोन आठवड्यांत उतरायचं तिथे हा आकडा फार मोठा आहे. टाळ्याचा कायदा तेव्हा जारी होता, आणि तरीही नाटकाची जाहिरात ‘व्हॉइस’मध्ये छापून येत होती.

त्याच वर्षाअखेर रॉबर्ट पॅट्रिकचं ‘द हॉन्टेड होस्ट’ आलं. पॅट्रिक टेक्ससचा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला उतरला, रस्त्यात एका देखण्या मुलाच्या मागोमाग चिनोत शिरला आणि तिथलाच झाला. वाढपी, द्वारपाल, पडेल ते काम. त्याने नाटक लिहून आणलं तेव्हा चिनोने ते कचऱ्यात टाकलं, नाटककार फार वाईट जमात, तू त्यांच्यात जाऊ नकोस म्हणाला. मग लॅनफर्ड विल्सन आणि इतरांनी आमची नाटकं देणार नाही असा दम भरला, तेव्हा कुठे तारीख मिळाली. अशी पॅट्रिकची गोष्ट. बखरच ती, पण नाटक झालं हे पक्कं आहे. मार्शल मेसनने बसवलं, स्वतः पॅट्रिक आणि विल्यम हॉफमन यांनी केलं. क्रिस्टोफर स्ट्रीटवर राहणारा एक समलैंगिक नाटककार, त्याच्या मेलेल्या मित्रासारखा हुबेहूब दिसणारा एक तरुण पाहुणा, आणि रात्रभराचा शाब्दिक सामना. शेवटी नायक मरत नाही, वेडा होत नाही, सुधारतही नाही. पाहुण्याला दार दाखवतो.

दोन्ही नाटकं वाचली तर लेडी ब्राइट हे लिखाण म्हणून सरस आहे, यात वाद नाही. पण नवी वाट हॉन्टेड होस्टने काढली. दयेची भीक न मागणारा, विनोदाने समोरच्याला नामोहरम करणारा समलैंगिक नायक अमेरिकी रंगमंचाला तोवर जवळपास अपरिचित होता. क्रिस्टोफर स्ट्रीटवरची स्टोनवॉलची दंगल यानंतर साडेचार वर्षांनी झाली.

चिनोत फक्त हेच व्हायचं असं नाही. अल पचिनो १९६३ मध्ये इथे सरोयानची एकांकिका करून गेला. सॅम शेपर्डचं ‘इकारसेस मदर’ १९६५ मध्ये झालं, जॉन ग्वेअरच्या एकांकिका १९६६ मध्ये. नाटककार कौटुकसच्या झगमगीत, छंदोबद्ध अतिरेकांचा इथे स्वतंत्र भक्तवर्ग होता. मे १९६६ मध्ये आलेल्या ‘डेम्स ॲट सी’ या छोट्या संगीतिकेत अठरा वर्षांची बर्नाडेट पीटर्स होती. ती संगीतिका उन्हाळाभर चालली आणि पुढे मोठ्या नाट्यगृहात गेली. १९६५ मध्ये जो चिनो आणि ला मामा या नाट्यगृहाच्या एलन स्ट्युअर्ट यांना ओबी पुरस्कारांत खास सन्मान मिळाला.

त्याच वर्षी ३ मार्चला कॅफे जळालं. सरकारी कारण वायूगळती. जवळच्यांच्या आठवणींत वेगळा संशय येतो, पण त्याला कागदाचा आधार नाही, तेव्हा तो इथेच सोडतो. मदतीसाठी खेळ झाले, त्यात एडवर्ड ॲल्बीने हातभार लावला, एलन स्ट्युअर्टने आपली जागा देऊ केली. मे महिन्यात दार परत उघडलं. जळालेल्या भिंतीबरोबर पहिल्या सहा वर्षांची किती पत्रकं गेली असतील याचा अंदाज नंतरच्या संग्रहावरून येतो: उपलब्ध साहित्याचा कल १९६५ च्या पुढच्या काळाकडे आहे.

कॅफेची वीज जॉन टॉरी हा चिनोचा साथीदार सांभाळायचा. ती शहराच्या तारांवरून फुकट ओढलेली होती, असं झाडून सगळे सांगतात. ५ जानेवारी १९६७ रोजी न्यू हॅम्पशरमध्ये काम करताना विजेच्या धक्क्याने तो गेला. चिनो त्यातून सावरला नाही. मार्चअखेरीस एका रात्री त्याने कॅफेतच स्वतःला जखमी करून घेतलं. रक्त द्यायला व्हिलेजमधले लोक सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात रांगा लावून उभे राहिले. २ एप्रिलला तो वारला. वय ३५. २ एप्रिल ही टॉरीची जन्मतारीख होती.

पुढे वर्षभर चार्ल्स स्टॅनली, मायकेल स्मिथ आणि हार्प्सिकॉर्ड बनवणारा वोल्फगांग झुकरमन यांनी जागा चालवली. स्मिथ म्हणजे ज्याच्या परीक्षणांवर आपण इतका वेळ विसंबलो तोच समीक्षक. हा साक्षीदार तटस्थ नव्हता हेही ध्यानात ठेवायला हवं. समन्सं वाढत गेली, मालक ज्या हातोटीने ती झेलायचा ती कुणाला जमली नाही, आणि मार्च १९६८ मध्ये दार बंद झालं. पुढच्याच महिन्यात ‘द बॉइज इन द बँड’ हे समलैंगिक मित्रांवरचं नाटक ऑफ-ब्रॉडवेला रीतसर तिकीट लावून आलं आणि धो धो चाललं. टाळ्याचा कायदा आदल्या वर्षी रद्द झाला होता.

चिनोतून बाहेर पडलेल्यांनी पुढे काय केलं ते सर्वज्ञात आहे. लॅनफर्ड विल्सनला पुलित्झर मिळालं. डॉरिक विल्सनने १९७४ मध्ये ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ ही उघडपणे समलैंगिक असलेली व्यावसायिक नाट्यसंस्था काढली. हॉफमनचं ‘ॲज इज’ हे एड्सवरचं सुरुवातीचं महत्त्वाचं नाटक १९८५ मध्ये आलं. त्याच साली लिंकन सेंटरमधल्या सार्वजनिक ग्रंथालयात मॅगी डॉमिनिकने जपलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं, आणि कॅफे चिनो हा ‘इतिहास’ झाला तो खऱ्या अर्थाने तेव्हा. नंतर गाळ्यात १९९३ पासून दोन दशकांहून अधिक काळ पो नावाचं इटालियन उपाहारगृह होतं. २०१७ मध्ये इमारतीचं नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेलं, २०१९ मध्ये शहराचा दर्जा आला.

हा दर्जा इमारतीच्या बाहेरच्या अंगाला आहे. दर्शनी भागाची वीट बदलायची तर आयोगाची परवानगी लागेल. आतल्या तीस फुटांत भाडेकरूने काय करावं यावर बंधन नाही. ज्यांना आत काय होतं ते बघायचं आहे त्यांनी कॉर्नेलिया स्ट्रीटवर वेळ घालवू नये. लिंकन सेंटरच्या ग्रंथालयात आधी विचारणा करून जावं. कागद तिथे आहेत आणि ते बघायला विद्यापीठाचं पत्र लागत नाही.